मेक्सिकोवाले मामू

खोटं बोलणारा माणूस मला दहा पावलांवरून ओळखता येतो, असा त्या काळी माझा पक्का समज होता. समज कसला, माज म्हणा. सौदीत, रास तनुराच्या बाहेर, रिफायनरीत स्कॅफोल्डिंग, म्हणजे पाईपांची परांची, उभारून देणाऱ्या एका कंपनीच्या कॅम्पात मी टाइमकीपर होतो. रोज सकाळी दीडशे माणसं माझ्या खिडकीसमोरून जायची आणि त्यांतली दहा तरी काहीतरी लोणकढी सोडायची. कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाचं घड्याळ बंद पडलेलं, कुणाची आजी तिसऱ्यांदा वारलेली. ऐकून ऐकून माझे कान तयार झाले होते. त्यामुळे स्टोअरवाले मामू पहिल्यांदा मला म्हणाले, "मी मेक्सिकोत प्रोफेशनल टीममधून बास्केटबॉल खेळायचो," तेव्हा मी त्यांच्याकडे फक्त वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहायला फार वेळ लागला नाही. मामू पाच फूट दोन इंच होते, आणि तेही सेफ्टी बुटांसकट.

"मामू, मीसुद्धा चंद्रावर भातशेती करायचो," मी म्हणालो. "पाऊस कमी पडला म्हणून सोडली."

ते रागावले नाहीत. खिडकीतून हातमोज्यांची जोडी माझ्या छातीवर फेकून मारली आणि म्हणाले, "झेलता येत नाही ते आधी बघ."

आता हे फेकण्याचं सांगायला हवं, कारण मामू म्हटलं की मला आधी तेच आठवतं. स्टोअरच्या खिडकीतून मामूंनी कधी कुणाच्या हातात वस्तू दिली नाही. साबण फेकायचे, हातमोजे फेकायचे, टेपची गुंडाळी फेकायचे. एकदा हेल्मेट फेकलं ते थेट आमच्या इंग्रज मॅनेजरसाहेबांच्या खांद्याला लागलं. साहेब लालबुंद झाले. मामू शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचे हात खिशात होते." त्या दिवशी त्यांची नोकरी जायचीच, पण एवढ्या मोठ्या स्टोअरमध्ये कुठला नट कुठल्या पेटीत आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबांनी ते मनात ठेवलं आणि पुढे कित्येक दिवस हात खिशाबाहेर काढून स्टोअरसमोरून चालत गेले.

मामू जयगडच्या खाडीतले. पंधरा वर्षं जहाजावर काढलेली, बारा बंदरांचं पाणी प्यालेला माणूस. कॅम्पात रत्नागिरी-रायगडचे आम्ही साठेक जण होतो, निम्मे मुसलमान, निम्मे हिंदू, आणि सगळ्यांचे ते मामू. त्यांचं खरं नाव इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, काय आहे हे हजेरीच्या वहीमुळे मला माहीत होतं, बाकी कुणाला नसावं. कलिंगडावर मीठ, तिखट आणि लिंबू पिळून खायचे. आम्ही नाकं मुरडायचो. मग एका उन्हाळ्यात एकेकानं चोरून खाऊन पाहिलं, आणि दोन वर्षांत अख्ख्या कॅम्पात कलिंगड दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं कुणी खाईना. बसला उशीर झाला की सगळे 'यल्ला यल्ला' ओरडायचे, मामू 'आँदाले, आँदाले' ओरडायचे. मेक्सिकोत लोकांना घाई करायची असली की असंच म्हणतात म्हणे. ड्रायव्हर पठाण होता. त्याला दोन्ही सारखंच.

आणि टॉवेल. धुवून आलेले मेसचे, पाहुण्यांच्या खोल्यांचे टॉवेल त्यांच्या ताब्यात असत. ते घडी घालताना प्रत्येकावरून तळवा फिरवायचे. वापरलेले परत आले की पुन्हा तळवा. एकदा मला म्हणाले, "चार नंबरच्या खोलीतला माणूस आजारी आहे. टॉवेलात घाम आहे, पण कामाचा नाही." मी हसलो. तिसऱ्या दिवशी त्या माणसाला काविळीनं आडवं केलं. तरी माझी अक्कल ठिकाणावर आली नाही. योगायोग, म्हणालो.

मेक्सिकोची गोष्ट मामू कुणीही विचारलं की सांगायचे, आणि कुणीही न विचारता जास्त सांगायचे. पॅसिफिकच्या बाजूच्या एका बंदरात त्यांच्या जहाजाचं इंजिन मोडलं. जहाज अडकलं. धक्क्याच्या मागेच एक मोठी शेड, आत लाकडी जमीन, आणि तिथं त्या गावाची टीम सराव करायची. पगारी खेळाडू, दोघे अमेरिकेहून आणलेले, बाकीचे तिथलेच. एकदा दारातून उसळत बाहेर आलेला बॉल मामूंनी एका हातात झेलला आणि तसाच आत फेकला. आत त्यांचा कोच उभा होता, पोट सुटलेला, कानावर पेन्सिल खोचलेला. त्यानं मामूंना आत बोलावलं. पुढचे दोन सीझन मामू त्यांच्याबरोबर होते. डोंगरातून अठरा अठरा तास बसचा प्रवास, पत्र्याच्या छपराखाली भरलेली मैदानं, ढोल वाजवणारी माणसं, आणि हरले तर बसवर पडणारी संत्र्यांची सालं. "आमची टीम उंच नव्हती रे," मामू म्हणायचे. "पण बॉल असा फिरायचा की समोरच्याची मान दुखायची." कोचची वाक्यं त्यांना पाठ होती. 'दमलेला माणूस बॉलकडे बघतो, ताजा माणूस माणसाकडे बघतो.' 'पळणाऱ्याला पकडू नका, पळवा.' रंगात आले की सगळा वर्तमानकाळ. जणू काल रात्रीच सामना झाला आणि उद्या पुन्हा आहे.

लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि मामूंची पाठ वळली की माझ्याकडे बघून डोळा मारायचे. 'मेक्सिकोवाले मामू' हे नाव मीच पाडलं. नाव पाडण्यात माझा हात कुणी धरायचा नाही.

त्या वर्षी कंपनीनं मामूंचा एक्झिट लावला. वय झालं, इकामा पुढे वाढणार नाही, घरी जा. त्यांनी खोकी बांधली, भावकीत सगळ्यांना अत्तराच्या बाटल्या घेतल्या, आणि जायच्या चार दिवस आधी कुवेतवरून लढाईला तोंड फुटलं. विमानतळ आमच्यासाठी बंद. रिफायनरीतलं बाहेरचं काम थांबलं. दीडशे माणसं कॅम्पात बसून. प्रत्येकाच्या गळ्यात गॅसचा मास्क, खिडक्यांना टेपच्या फुल्या, आणि सायरन झाला की मेसच्या मागच्या सामानखोलीत सगळ्यांनी कोंबून बसायचं. दाराच्या फटीत ओले टॉवेल लावायचे, म्हणजे विषारी हवा आत येणार नाही. टॉवेल अर्थात मामूंकडे.

घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. घरून फोन लागत नव्हते. कुणी म्हणे क्षेपणास्त्र इथं पडणार, कुणी म्हणे तिथं पडलं. दिलावर, आमच्या स्कॅफोल्डिंग गँगचा मुकादम, तीस मीटरवर फळीवर उभा राहून विडी ओढणारा गडी, तोसुद्धा सायरन झाला की माझं मनगट धरून बसायचा आणि दुसऱ्या दिवशी मनगटावर वळ दिसायचे.

अशाच एका सायरननंतर आम्ही सामानखोलीत बसलो होतो. 'ऑल क्लिअर' झालं होतं, मास्क काढले होते, पण बाहेर जायला कुणी उठेना. मामूंनी सुरू केलं, "आमच्या टीमचा एकदा असाच सामना होता, वीज गेली, अंधार..." आणि माझं डोकं फिरलं. भीतीचा राग कुणावर तरी निघायचाच, तो मामूंवर निघाला.

"मामू, तुमच्या जर्सीचा नंबर काय होता?"

ते थांबले. "काय?"

"नंबर. पाठीवर असतो ना? अकरा वर्षं ऐकतोय. नंबर कधी सांगितला नाहीत."

सगळे माझ्याकडून त्यांच्याकडे बघायला लागले. मामूंनी हातातला ओला टॉवेल पिळला. "नंबर नव्हता," ते म्हणाले.

"प्रोफेशनल टीम आणि नंबर नाही?"

"खेळलो नाही मी," मामू म्हणाले. "टॉवेल धुवायचो त्यांचे. बाकामागे बसायचो."

 मग कुणीतरी फसकन हसलं आणि ते हसू खोलीभर पसरलं. दहा दिवसांत पहिल्यांदा माणसं पोट धरून हसत होती. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, भल्याभल्यांची बोलती बंद केलीस. मामूही हसले, थोडंसं.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरवर साबण आणायला गेलो. मामूंनी साबण माझ्या हातात ठेवला. फेकला नाही, हातात ठेवला. माझ्या मागच्यालाही हातातच दिला. तेव्हा मला कळलं. हा माणूस दुखावला होता, आणि दुखावणारा मी होतो.

तरी माझा ताठा मोडला नाही. मामू दुपारी माझ्या खिडकीशी आले तेव्हा मी वहीत डोकं घालून बसलो.

"ऐक," ते म्हणाले. "खेळलो म्हणालो ते खोटं. ती माझी चूक. पण टीम खरी होती. मी तिथं होतो ते खरं होतं. विमान सुरू झालं की मी जाणार. अकरा वर्षं इथं काढली, जाताना थापाड्या म्हणून जायचं नाही मला."

"मग काय करू म्हणता?"

"एक सामना लावून दे. फिलिपिनो पोरांशी. टीम मी तयार करतो."

मी हसलोच. आमच्या कॅम्पात चाळीस फिलिपिनो होते आणि मेसच्या बाजूचं बास्केटबॉलचं मैदान त्यांचंच. ती माणसं कामावरून आली की जेवायच्या आधी बॉल हातात घ्यायची. त्यांचा कॅप्टन डाँते, इलेक्ट्रिशियनचा फोरमन, गल्लीत चपला घालून खेळून वाढलेला. त्यांच्याशी आमचे कोकणातले गडी? क्रिकेट असतं तर गोष्ट वेगळी.

"हरलात तर?" मी विचारलं.

"तू सांग."

माझ्या जिभेला हाड नाही हे आमची आई म्हणायची ते खरं. मी म्हणालो, "हरलात तर मेसमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की मी मेक्सिको नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही."

मामूंनी मान हलवली. "आणि जिंकलो तर मी मागीन ते तू द्यायचं."

"कबूल," मी म्हणालो. जिंकणार कुठं होते!

डाँतेनं हसत हसत होकार दिला. 'एक्सरसाइज होईल, पारे,' म्हणाला. दोस्ताला ते पारे म्हणतात.

मामूंनी दिलावरची गँग निवडली. पाच खेळणारे, तीन राखीव. तीनेक आठवडे होते हातात, आणि काम नसल्यामुळे दिवसभर मोकळे. पहिल्या सरावाला मी मुद्दाम बघायला गेलो, आणि हसून हसून माझी मुरकुंडी वळली. आमचे गडी बॉल सोडतच नव्हते! दिलावर बॉल घेऊन गँगमधल्या फारूककडे धावत जायचा, बॉल त्याच्या हातात टेकवायचा, फारूक म्हणायचा, "घेतला!" मग दिलावर हात काढायचा. मग फारूक धावत तिसऱ्याकडे. तोवर समोरचे दोघे येऊन बॉल काढून न्यायचे.

ह्याला कारण होतं. स्कॅफोल्डिंगच्या कामात पाईप हातोहात वर चढतो. खालच्यानं वरच्याला द्यायचा आणि वरचा 'घेतला' म्हणेपर्यंत पकड सोडायची नाही, असा गँगचा नियम. आमच्या गँगमध्ये तो शब्द मराठीतच चालायचा. दिलावरनं एकदा आधी सोडलेला पाईप पाहिला होता आणि खाली उभा असलेला माणूसही पाहिला होता. त्या दिवसानंतर त्यानं स्वतःच्या बायकोला चहाचा कप देतानासुद्धा ती 'घेतला' म्हणेपर्यंत कप सोडला नाही, असं त्याचा भाऊ सांगायचा.

"सुटत नाही हो मामू," दिलावर कळवळून म्हणाला. "हातच सुटत नाही."

मला वाटलं, मामू आता डोक्याला हात लावतील. पण मामू खूश झाले! मैदानाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "अरे मेल्यांनो, हे तर आयतं सोनं आहे. 'घेतला' सोडू नका. फक्त आधी म्हणा. मोकळ्या जागी पोचलात, हात रिकामे आहेत, पाय जमिनीवर आहेत, की ओरडा, घेतला! ज्याच्याकडे बॉल आहे त्यानं बघायचं नाही. आवाज आला तिकडं टाकायचा."

"आणि त्यानं नाही झेलला तर?"

"त्यानं घेतला म्हटलंय ना? तीस मीटरवर त्याच्या शब्दावर जीव ठेवतोस, इथं बॉल ठेवायला काय होतं?"

दिलावरला ते पटायला तीन दिवस लागले. मामूंनी त्यांचे डोळे टॉवेलनं बांधले आणि स्टोअरमधलं सगळं त्यांच्यावर फेकायला सुरुवात केली. साबण, मोजे, दोरीची वेटोळी. ज्यानं 'घेतला' म्हटलं आणि झेललं नाही त्यानं मैदानाला फेऱ्या मारायच्या. चौथ्या दिवशी मी खिडकीत बसलो असताना मैदानावरून आवाज यायला लागला, घेतला, घेतला, घेतला, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मी हजेरीची वही बंद करून बघायला गेलो. बॉल जमिनीला लागत नव्हता. आठ माणसं आणि मध्ये मामू, "आँदाले! आँदाले!" मामू पुन्हा वस्तू फेकायला लागले होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं, तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सामना शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आणि जेवण झाल्यावर. अख्खा कॅम्प मैदानाभोवती, गळ्यात मास्क. वीस वीस मिनिटांचे दोन डाव. घड्याळ माझ्याकडे, मी टाइमकीपर ना. मामू आमच्या बाकामागे उभे, खांद्यावर टॉवेलांची चळत. इस्त्री केलेला पांढरा सदरा घातला होता. ओठ हलत होते. दुआ मागत होते की कोचची वाक्यं घोकत होते, कोण जाणे.

पहिल्या पाच मिनिटांत आमच्या तोंडचं पाणी पळालं. डाँते कुठून येतो आणि कुठं जातो ते कळेना. त्यांच्यात एक सहा फुटी गडी होता, तो जाळ्याखाली उभा राहायचा आणि आमचे सगळे बॉल वरच्या वर उडवायचा. दहा-दोन. माझ्या शेजारचा म्हणाला, "चला, मामूंचं भाषण ऐकायची तयारी करा." मी हसलो नाही. मला हसू येईना, त्याला काय करू?

मग गड्यांना सूर सापडला. घेतला, घेतला. फिलिपिनो पोरांना शब्द कळत नव्हता आणि बॉल कुठून कुठं जाणार तेही कळत नव्हतं. दिलावर समोर बघून मागे टाकायचा. फारूक कोपऱ्यातून टाकायचा आणि बॉल जाळ्यात. अंतर कमी झालं, पुन्हा वाढलं, पुन्हा कमी झालं. लोक उभे राहिले. दुसऱ्या डावात चार मिनिटं उरली तेव्हा ते अडतीस आणि आम्ही एकतीस.

आणि सायरन झाला.

दिवसाढवळ्या तो सहसा व्हायचा नाही. मी घड्याळ थांबवलं. मास्क चढवले आणि सगळे सामानखोलीकडे पळालो. दोन्ही टीम, बघणारे, आचारी, सगळे एकत्र भिंतीला टेकून. मास्क घातला की आवाज आतल्या आत राहतो, त्यामुळे कुणी बोलत नव्हतं. फक्त श्वासाचा आवाज. माझ्या डोळ्यांसमोर माझी मुलगी उभी राहिली.

मामू मात्र उभे होते. बादली घेऊन ते एकेकाकडे गेले आणि खेळाडूंच्या गळ्यातले टॉवेल मागून घेतले, आमच्याही आणि फिलिपिनोंच्याही. दाराला लावायचे म्हणून. प्रत्येकावरून तळवा फिरला आणि मग टॉवेल बादलीत. डाँतेच्या टॉवेलापाशी ते थांबले. सहा फुटी गड्याच्या टॉवेलापाशीही थांबले. ते दोन्ही बादलीत न टाकता ते दिलावरसमोर येऊन बसले. डाँतेचा टॉवेल त्याच्या हातावर ठेवून दाबला. पाणी ठिबकलं, कोपरापर्यंत ओघळ आला. मग दुसरा ठेवला. कोरडा. बादलीत न बुडवता कोरडा, नुसते कोपरे चुरगळलेले.

मास्कच्या काचेतून मामूंनी दिलावरकडे पाहिलं. दोन बोटांनी जमिनीवर पळणारी माणसाची पावलं काढून दाखवली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. दिलावर क्षणभर बघत राहिला आणि मग त्यानं मान हलवली. मलाही कळलं. सहा फुटी गडी उभ्यानं खेळत होता, पळत नव्हता. पाचही जणांचं पळणं डाँते एकटा पळत होता, आणि तो आतून संपला होता. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, हसत होता तो. टॉवेलानं चहाडी केली.

अर्ध्या तासानं ऑल क्लिअर झालं. काही झालं नव्हतं. खोल्यांवर जायचं सोडून सगळे मैदानावर परत! मी घड्याळ सुरू केलं.

दिलावरनं बॉल जाळ्याकडे नेलाच नाही. डाव्या टोकाला टाकला. डाँते तिकडं धावला. "घेतला!" उजव्या टोकाला. डाँते उलटा धावला. "घेतला!" पुन्हा डावीकडे. सहा फुटी गडी जाळ्याखाली हात वर करून उभा, आणि बॉल त्याच्या जवळ जातच नाही. सहा पास, सात पास. आठव्याला डाँते पोचला नाही आणि फारूकनं शांतपणे टाकला. तेहतीस. पुन्हा तेच. पस्तीस. डाँतेनं एक टाकला, चाळीस. हात गुडघ्यांवर ठेवून वाकला बिचारा. आमचे सदतीस. एकोणचाळीस. लोकांचा आवाज एवढा झाला की सायरन झाला असता तरी ऐकू आला नसता.

वीस सेकंद उरली होती. चाळीस-एकोणचाळीस, बॉल आमच्याकडे. दिलावरला दोघांनी घेरलं. त्याला कुणी दिसत नव्हतं, दिसणं शक्यच नव्हतं. आणि त्याच्या पाठीमागून, पार कोपऱ्यातून, फारूक ओरडला, "घेतला!"

दिलावरनं न बघता डोक्यावरून बॉल सोडून दिला. ज्याचा हात सुटत नव्हता त्या माणसानं!

फारूकनं झेलला, टाकला. बॉल कडीवर एकदा नाचला आणि आत पडला. मी घड्याळाकडे बघितलं, तीन सेकंद, दोन, एक, आणि घड्याळ सोडून मीच मैदानात पळालो. कोण कुणाच्या अंगावर पडलं ह्याचा हिशोब नाही. मी ओरडत होतो, घसा बसेपर्यंत, आणि काय ओरडत होतो तर "मामू! मामू!" मामूंना त्यांनी उचललं, आमच्यांनी आणि फिलिपिनोंनीही. डाँते लंगडत आला, मामूंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "कोच, तुम्ही कुठल्या टीमचे?"

मामूंनी त्या बंदराचं नाव सांगितलं. डाँतेनं मान डोलवली. त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती.

संध्याकाळी ते माझ्या खिडकीशी आले. मी उठून उभा राहिलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "मामू, मी चुकलो," म्हणालो. "माफ करा." 

"ते राहू दे," मामू म्हणाले. "कबूल केलंस ते दे. मला एक कागद हवा. कंपनीचा, शिक्क्याचा. ह्या माणसाला बास्केटबॉल कळतो, एवढं लिही. मेक्सिकोचं लिहू नको. ते तू पाहिलेलं नाहीस. पाहिलंस तेवढंच लिही."

लढाई संपली, विमानं सुरू झाली आणि मामूंचा दिवस ठरला. मी टाइपरायटरवर कागद चढवला. स्टोअरची अकरा वर्षं लिहिली, सामना लिहिला, कोच लिहिलं. मग थोडा वेळ थांबलो आणि खाली आणखी एक ओळ टाइप केली. साहेबांनी सही करण्याआधी कागद वाचला. त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "मेक्सिको? हे तू स्वतः पाहिलं आहेस?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "पण ते खरं आहे."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग स्टोअरच्या दिशेला पाहिलं आणि सही केली.

बस फाटकाशी उभी होती. सगळा कॅम्प जमला होता, डाँतेची माणसंही. मी कागद मामूंच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून शिक्का पाहिला आणि परत माझ्याकडे दिला. "इंग्रजी आहे. तू वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मी बसच्या पायरीवर चढून वाचलं. एकेक वाक्य इंग्रजीत आणि मग मराठीत. शेवटच्या ओळीशी आलो. "हा माणूस मेक्सिकोतल्या एका प्रोफेशनल बास्केटबॉल टीमबरोबर दोन सीझन होता. तो तिथं टॉवेल धुवायचा आणि तिथंच तो खेळ शिकला."

मामूंनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ड्रायव्हरनं भोंगा दिला.

"शेवटचं," मामू म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं.